चेंडू आणि पुली आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, स्वतःचं किराणा दुकान. नऊ आठवड्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. आता कुणीतरी धरलं की घरातल्या घरात चालतात, हात मात्र लटकलेलाच. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येतात. बाकीच्या वेळी घरचे लोक रबरी चेंडू दाबायला देतात, आणि दाराच्या चौकटीला पुली टांगून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायला लावतात. गेले पंधरा दिवस खांदा असा दुखतोय की रात्री डोळ्याला डोळा नाही. मुलाने विचारलंय: हात येईल का? पुली ओढण्याच्या खेपा वाढवू का? करंटचं मशीन घेऊ का? आणि हे किती दिवस चालायचं?

पुली आजच काढा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

खांदा कसा बनलाय ते आधी समजून घ्या, म्हणजे मी एवढा ठाम का बोलतोय ते कळेल. मांडीचं हाड खुब्याच्या खोल वाटीत बसलेलं असतं. खांद्याची वाटी उथळ असते. बशीत लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो. लिंबू घसरू न देण्याचं काम आजूबाजूच्या स्नायूंचं. लकव्यात नेमके तेच ढिले पडतात. वर हाताचं वजन. ते शरीराच्या साधारण ५ टक्के भरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचा एक हात तीन किलोच्या आसपास. हे ओझं दिवसभर त्या ढिल्या सांध्याला खाली ओढत असतं. वडिलांना खुर्चीत बसवा, दोन्ही हात मोकळे सोडायला सांगा, आणि खांद्याच्या टोकाचं हाड संपतं त्याच्या लगेच खाली बोट फिरवा. उजवीकडे एक बोट मावेल असा खळगा लागतो आणि डावीकडे लागत नाही, तर सांधा खाली उतरलाय. बऱ्याच जणांचा उतरतो. घाबरायचं कारण नाही, पण इथून पुढे त्या हाताला कुणी ओढायचं नाही.

आता पुलीकडे या. आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यातून होत नाही. १८० अंशांपैकी साधारण १२० अंश सांध्यातून येतात, उरलेले ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरतं म्हणून मिळतात. शिवाय दंडाचं हाड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, नाहीतर त्याचा उंचवटा वरच्या हाडाखाली अडकतो. लकव्याच्या माणसाचा फरा जागचा हलत नाही आणि दंड आत वळलेला असतो. अशा वेळी चांगल्या हाताने दोरी ओढली की लुळा हात वर जातो खरा, पण मधला स्नायू दोन हाडांच्या बेचक्यात रोज पन्नास वेळा चेचला जातो. १९९० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे, अवघ्या २८ रुग्णांचा. थेरपिस्टने स्वतः हात धरून हालचाल दिली त्या गटात ८ टक्के लोकांचा खांदा दुखू लागला, पुलीच्या गटात ६२ टक्के लोकांचा. अभ्यास लहान आहे हे मान्य. पण गेल्या बावीस वर्षांत मी जितके ठणकणारे खांदे पाहिले त्यातल्या कितीतरी घरांत दाराला पुली लटकलेली होती.

हात पूर्ण वर न्यायची सध्या गरजच नाही. तुमच्या थेरपिस्टकडून एवढं शिकून घ्या: वडील उताणे झोपलेले, तुमचा एक तळहात त्यांच्या फऱ्याखाली, दुसऱ्या हाताने कोपर आणि मनगट आधारलेलं, त्यांचा अंगठा छताकडे. फरा पुढे सरकवत हात हळू समोर उचलायचा, खांद्याच्या उंचीपर्यंत. तोंड वाकडं झालं की तिथेच थांबायचं. त्यांचं बोलणं अडखळतंय, म्हणून 'दुखतंय का' या प्रश्नापेक्षा चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. उजवी बाजू गेलेल्यांत वाचेवर परिणाम जास्त दिसतो, कारण बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं. दुखणं सांगता न आल्यामुळे 'बाबा व्यायामाचा कंटाळा करतात' असा शिक्का बसलेले कितीतरी वडील मी पाहिलेत.

पुली गेली तरी खांदा दुखतच राहील, जर उठवण्याची पद्धत बदलली नाही तर. नव्या पेशंटच्या घरी गेलो की मी व्यायाम नंतर बघतो. आधी म्हणतो, 'यांना बाथरूमला कसं नेता ते दाखवा.' मग मुलगा पुढे होतो, बखोटीत हात घालतो आणि 'चला बाबा, एक दोन तीन' म्हणत उचलतो. त्या 'तीन'ला त्यांच्या शरीराचं सगळं वजन त्या उतरलेल्या सांध्यावर येतं. दिवसातून आठ-दहा वेळा. थेरपिस्टने तासभर जे जपलं ते इथे पाच सेकंदांत जातं.

बखोटीऐवजी कमरेला धरा. घरातला जाड पंचा किंवा उपरणं कमरेभोवती घट्ट बांधा, तीच तुमची मूठ. वडिलांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवा. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. पाऊल पुढे राहिलं तर माणूस उठूच शकत नाही, आपल्यालाही जमत नाही, करून बघा. मग पुढे वाकू द्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत. आता ढुंगण आपोआप हलकं होतं. तुम्ही कमरेला फक्त दिशा द्यायची. खाट बुटकी असेल तर चारही पायांखाली भक्कम ठोकळे घाला. बसणं-उठणं हाच त्यांचा सध्याचा सगळ्यात मोलाचा व्यायाम आहे, आणि तो फुकट आहे. प्रत्येक वेळी दोन्ही पायांवर सारखं वजन पडतंय का ते बघायचं. चांगल्या पायावर झुकून उठण्याची सवय लागली की ती पुढे चालण्यात उतरते.

रात्रीचं. उताणे असतील तर उजव्या फऱ्याखाली आणि हाताखाली मिळून एक लांब उशी, हात अंगापासून थोडा दूर, तळवा वर. डाव्या कुशीवर असतील तर समोर उशी ठेवून उजवा हात तिच्यावर, मनगट कडेवरून लोंबू द्यायचं नाही. उजव्या कुशीवरही झोपू शकतात, फक्त खांदा आधी पुढे काढून घ्यायचा म्हणजे तो अंगाखाली चेपत नाही. दिवसा बसलेले असताना हात मांडीवर उशीत किंवा टेबलावर. गळ्यातली झोळी चालताना ठीक आहे, बसल्यावर काढा. दिवसभर झोळीत राहिलेला हात कोपरात वाकून आखडतो.

शेकाबद्दल एकच सांगतो, कारण गावाकडे हे फार होतं. लुळ्या बाजूची जाणीव कमी झालेली असू शकते. वाळूची पोटली, तव्यावर तापवलेलं फडकं, विटेचा शेक यांनी भाजून फोड आले तरी त्यांना कळत नाही. मालिश हलक्या हाताने करा. त्याने बरं वाटतं, आपल्या माणसाचा हात लागतो. पण मालिशने स्नायूत ताकद येत नाही, कारण बिघाड स्नायूत नाहीच, मेंदूकडून येणाऱ्या निरोपात आहे.

आता चेंडू. लकव्याचा हात सुरुवातीला लुळा असतो. काही आठवड्यांनी त्यात ताठरपणा येऊ लागतो, आणि तो साधारण ठरलेल्या वाटेने येतो: कोपर वाकतं, मनगट आत वळतं, बोटं मुठीत जातात. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या थेरपिस्ट बाईंनी या प्रवासाचे टप्पे गेल्या शतकाच्या मध्यावर मांडून ठेवले, ते आम्ही आजही शिकतो आणि वापरतो. मुद्दा हा की मूठ मिटणं पुष्कळदा आपोआप येतं. अडतं ते उघडण्यापाशी. चेंडू दाबून तुम्ही जे येणारच आहे त्याचा सराव करून घेताय. मूठ घट्ट होते, घरचे खूश होतात की ताकद आली, आणि मग हातात धरलेला पेला खाली ठेवता येत नाही, कारण बोटं सुटत नाहीत.

हात येईल का, याचा अंदाज घ्यायची एक साधी तपासणी करा. उजवा हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर लोंबता. म्हणा, 'मनगट वर उचला.' मग, 'बोटं सरळ करा.' मग बसल्या बसल्या, 'हात अंगापासून बाजूला न्या.' पूर्ण जमायला नको. हलकीशी फडफड दिसली तरी ती माझ्यासाठी चांगली बातमी असते. खांदा बाजूला नेणं आणि बोटं उघडणं, या दोन हालचालींवरच आम्ही भरवसा ठेवतो. लकव्यानंतर पहिल्या ७२ तासांत या दोन्ही थोड्या तरी दिसल्या तर सहा महिन्यांनी हाताला काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के, आणि दोन्ही नसतील तर २५ टक्के, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. तुमचे नऊ आठवडे उलटलेत, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. तरी आज काहीच फडफड नसेल, तर बोटांनी बारीक काम करणारा हात परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. दुखत नाही, आखडत नाही, शर्टाच्या बाहीत जातो आणि कागद दाबून धरतो असा हात हे तेव्हाचं उद्दिष्ट. तेही छोटं नाही.

फडफड असेल तर कामाला लागा. आणि काम म्हणजे कामच, व्यायाम नव्हे.

एक काकू होत्या माझ्याकडे, डावी बाजू गेलेली. तीन महिने त्यांच्या हातात स्पंजचा चेंडू होता, हात बाजूला पडलेला. एकदा मी गेलो तेव्हा सूनबाई कणीक मळत होत्या आणि परात ओट्यावर गोल गोल फिरत होती. काकूंना ओट्यापाशी उंच खुर्चीत बसवलं आणि त्यांचा डावा हात परातीच्या कडेवर ठेवला, अंगठा आत, बोटं बाहेर. म्हटलं, 'परात हलली तर तुमची जबाबदारी.' सूनबाईंनी मुद्दाम जोर लावला. परात सरकली. दुसऱ्यांदा सरकली. चौथ्या-पाचव्या वेळी काकूंच्या अंगठ्याचं पेर पांढरं पडलेलं मला दिसलं; अंगठा दाबत होता. स्वतःच्या हाताकडे बघत नव्हत्या त्या, कणकेकडे बघत होत्या, आणि 'पाणी जास्त झालंय' म्हणून सुनेला बोलत होत्या. चेंडूने तीन महिन्यांत जे दाबलं नव्हतं ते परातीने पाच मिनिटांत.

तुमचे वडील दुकानदार. मग तुमच्याकडे सगळं सामान तयार आहे. गल्ल्यातली नाणी टेबलाच्या मधोमध पसरा आणि उजव्या हाताने एक-एक सरकवत कडेपर्यंत आणायला सांगा, उचलणं नंतर. वजनाचं माप दोन्ही हातांनी ढकलून पुढे न्यायचं, परत आणायचं. टेबलावर फडकं, त्यावर उजवा तळवा पसरलेला, वर डावा, आणि पुसत पुढे जायचं. रिकामा डबा उजव्या हाताने नुसता थोपवून धरायचा, झाकण डाव्याने काढायचं. कागदाची पुडी बांधताना दोऱ्याची गाठ येईपर्यंत उजव्या हाताच्या कडेने पुडी दाबून ठेवायची. बोटं थोडी उघडू लागली की कपड्यांचे चिमटे, मग शर्टाची मोठी बटणं.

किती वेळा? इथेच गाडी अडते. २००९ मध्ये थेरपीच्या सत्रांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ झाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला काही शे हालचाली लागतात. हा फरक थेरपिस्टच्या आळसाचा नाही. तासाभरात ताण द्यायचा, चालवायचं, बीपी बघायचं, घरच्यांना शिकवायचं, यात हाताच्या वाट्याला येतात पंधरा मिनिटं. म्हणून नाणी. दहा मिनिटांचा एक डाव, दिवसातून सहा डाव, जेवण आणि झोपेच्या मध्ये पेरलेले. थकवा आला की थांबायचं, लकव्यानंतरचा थकवा खोटा नसतो.

मनगट २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून उघडू लागली तर थेरपिस्टशी आणखी एका पद्धतीबद्दल बोला. चांगला हात मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्याला काम करायला भाग पाडायचं. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हे ओळखलं की जायबंदी हात पुष्कळदा 'न वापरण्याची सवय' लागल्यामुळे मागे राहतो. २००६ मध्ये या पद्धतीची २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी आली, लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले रुग्ण होते ते. दोन आठवड्यांच्या कसून सरावाने हात सुधारले. पण हे मनाने घरी सुरू करू नका. तोल गेला आणि सावरायला चांगला हात मोज्यात असला तर माणूस आपटतो.

यातच 'किती दिवस' याचं अर्धं उत्तर आलं. सगळ्यात वेगवान सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढच्या तीन महिन्यांत कमी वेगाने. सहा महिन्यांनी दार बंद होतं हे मात्र खरं नाही. माझा हिशोब असा: पहिले सहा महिने थेरपिस्ट नियमित, पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी आणि नवा कार्यक्रम. तीन महिने तेच ते व्यायाम चाललेत आणि कुणी काही मोजत नाही असं दिसलं तर विचारा, 'आपण काय मोजतोय?' चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने रागावत नाही.

मशीनचं लवकर उरकतो. दुखण्यावर लावतात ते करंट तात्पुरता आराम देतात, हात परत आणत नाहीत. स्नायू आकुंचन पावायला लावणारं वेगळं यंत्र असतं, ते मनगट उचलणाऱ्या स्नायूंवर किंवा खांद्यावर लावतात. योग्य जागी लावलं आणि रुग्णाने त्याच क्षणी स्वतःही जोर लावला तर उपयोग होतो. पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. स्वतःहून बोटं उघडबंद करणारे मोजे ऑनलाइन मिळतात, त्यांत पैसे घालू नका. मोजा काम करतो, माणूस टीव्ही बघतो.

'मग थेरपिस्ट बंद करून आम्हीच करू का?' असं लोक मला इथपर्यंत ऐकल्यावर हमखास विचारतात. नको. आपल्याच देशात याची तपासणी झालीय. १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण, निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. निकाल २०१७ मध्ये आले: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के, काडीचा फरक नाही. मी यातून काढलेला अर्थ असा की मुलाला थेरपिस्ट करून भागत नाही. काय करायचं, कधी वाढवायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा माणूस जाणकारच हवा. घरच्यांकडे दिवस असतो. तो दिवस कसा जातो, खांदा कसा धरला जातो, नाणी टेबलावर येतात की नाही, हे तुमच्या हातात.

चालण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी. पाऊल पुढून खाली पडत असेल आणि पाय बाहेरून फिरवत टाकत असतील, तर घोट्याला आधार देणारा पट्टा मोजून करून घ्या; घरात चप्पल बंद, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. काठी डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

काही गोष्टींसाठी थेरपिस्टची वाट बघायची नाही. पंजा सुजून चकचकीत, गरम झाला आणि बोटाला नुसता स्पर्शही सहन होत नसेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा; हा आजार लवकर धरला तर आवरतो, नाहीतर बोटं आखडतात. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली तर मालिश अजिबात करू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताची गाठ असू शकते. पाणी पिताना दरवेळी ठसका लागून ताप येत असेल तर तेही त्याच दिवशी. आणि तोंड पुन्हा वाकडं झालं किंवा दुसरी बाजू जड झाली तर घड्याळ बघून निघा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात, तेही सगळ्यांना नाही. 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

वडील गप्प राहत असतील, जेवण उतरत नसेल, व्यायामाला नकार देत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे.

पुढचे पंधरा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा: रात्री खांद्याने किती वेळा उठवलं, टेबलाच्या कडेला मनगट किती उचललं, कुणाच्या आधाराशिवाय सलग किती वेळा बसून-उठून झालं. थेरपिस्ट आले की वही त्यांच्यापुढे ठेवा. पंधरा दिवसांत रात्रीचं दुखणं उतरलं नाही, तर खांदा अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. आणि जमेल तेव्हा त्यांना सकाळी दोन तास दुकानात घेऊन जा. गल्ल्यापाशी स्टूल असेल तर ते काढून हात असलेली भक्कम खुर्ची ठेवा, उजवा हात काउंटरवर राहील एवढ्या उंचीची. गिऱ्हाइकांना सांगून ठेवा, सुट्टे पैसे त्यांच्या उजव्या बाजूला ठेवायचे.